जुनी छर्ऱ्याची बंदूक नेमाची आहे का? तिला कोणता छर्रा मानवतो, ते असं तपासा

दुसऱ्या हाताची एअर रायफल घेतली की पहिली तक्रार एकच असते: नेम लागत नाही. मग कोणी स्प्रिंग बदलायला सांगतो, कोणी दुर्बीण लावायला, कोणी सरळ विकून टाकायला. खरं तर नेम एकट्या बंदुकीचा नसतो, नळी आणि छर्रा या जोडीचा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका वेगवेगळे छर्रे पसंत करतात. डब्यावरचं वाचून ते कळत नाही, झाडून पाहावं लागतं. पण छर्रे बदलण्याआधी बंदूक धड आहे का ते बघायचं. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि उत्तरही मिळत नाही.

हा लेख नळी मोडून (म्हणजे सांध्यात खाली वाकवून) भरायच्या, स्प्रिंगच्या, ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलीबद्दल आहे. विदर्भातल्या गावांत जुन्या म्हणून हातोहात फिरतात त्या बहुतेक याच.

१. आधी कागद आणि कायदा

४.५ मिमी बोअर आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा, एवढ्यात बसणाऱ्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. तरीही जुनी घेताना साध्या कागदावर व्यवहार लिहून घ्या: बंदुकीचा सिरियल नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या. सोबत विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि मूळ बिल असेल तर तेही. नंबर घासलेला किंवा खोडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही बंदूक कागदावर नेम धरण्यासाठी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे होले, तितर, मोर, ससा यांवर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करतात हे खरं, पण छर्ऱ्याने ते मरत नाहीत, जखमी होऊन वावरात फिरतात आणि माणसावर येतात. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर यांच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. तुमचं वावर जंगलाला लागून असेल तर चाचणी तिथे नकोच. गावातही पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवा, कारण आवाज ऐकून कोणी फोन केला तर समजावत बसावं लागत नाही. निवडणुकीच्या किंवा जमावबंदीच्या काळात ठाण्यात विचारल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढू नका.

२. सामान

बंदूक सोडून एवढं लागेल:

- छर्ऱ्यांचे तीन-चार प्रकार, प्रत्येकी किमान ५०
- १० मीटर एअर रायफलची छापील टार्गेटं, किंवा जाड कागदावर काढलेला सुमारे ३० मिमीचा काळा गोल
- मोजपट्टी, आणि मिळाला तर व्हर्नियर कॅलिपर
- सरकी किंवा वाळू भरलेल्या दोन लहान पिशव्या
- बंदुकीच्या स्क्रूंना नेमके बसणारे पेचकस आणि ॲलन की
- मासेमारीची तंगूस आणि जुन्या सुती बनियनचे कापलेले तुकडे
- डोळ्यांसाठी पारदर्शक गॉगल, शेजारी बसणाऱ्यासाठीही
- वही आणि पेन

गॉगल टाळू नका. शिशाचा छर्रा कठीण जागी लागला की त्याच्या कपच्या मागे येतात. जेवणाआधी हात साबणाने धुवा. छर्रे तोंडात धरून एकेक भरायची सवय कित्येकांना असते, ती मोडायची. शिसं पोटात गेलं की साचत राहतं, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त.

३. बंदूक तपासा, शक्य तर पैसे देण्याआधीच

एक नियम कायमचा: नळी मोडलेल्या अवस्थेत एक हात नळीवर घट्ट असलाच पाहिजे आणि दुसऱ्या हाताचं बोट ट्रिगरपासून लांब. नळी उघडी असताना ट्रिगर ओढला गेला तर ती झटक्यात वर येते. त्यात बोट सापडतं, दस्ता (बंदुकीचा लाकडी भाग) फुटतो, नळी वाकते. विकणारा "बघा कशी कडक आहे" म्हणून असं करून दाखवत असेल तर ती नळी सरळ राहिली असेल असं धरून चालू नका.

दस्त्याचे स्क्रू. पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डमध्ये एक-दोन असतात. स्प्रिंगच्या धक्क्याने हे ढिले होतातच. निम्म्या "नेम न लागणाऱ्या" बंदुका इथेच सुधारतात. घट्ट करा, पण लाकूड चेपेल इतकं नाही. नवीन स्प्रिंग सुचवणाऱ्याला आधी हे स्क्रू पाहिले का ते विचारा.

नळीचा सांधा. बंद नळी डावी-उजवीकडे हलवून पाहा. हाताला खडखड जाणवली तर मुख्य बोल्ट आवळावा लागेल. कॉक केल्यावर (नळी मोडून स्प्रिंग ताणून बसवल्यावर) नळी ठेवाल त्या कोनात जागेवर राहिली पाहिजे. आपल्या वजनाने खाली पडत असेल तर सांधा सैल आहे. (हे पाहतानाही हात नळीजवळच.) सांधा सैल असला की नळी दर वेळी किंचित वेगळ्या जागी बंद होते, मग जगातला कोणताही छर्रा चालणार नाही.

नळीच्या मागचा वॉशर. नळी मोडली की तिच्या मागच्या तोंडाभोवती रबरी किंवा चामडी गोल वॉशर दिसतो. चिरलेला, चपटा झालेला, कडक झालेला असेल तर हवा गळते. परीक्षा सोपी आहे: बंद सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित आडोशाकडे झाडा. पट्टी उडाली तर वॉशर बदला. स्वस्त काम आहे.

नळीचं पुढचं तोंड. कापूस लावलेली कानकाडी आतून बाहेर कडेवरून फिरवा. कुठे कापसाचे धागे अडकले तर तिथे कंगोरा आहे. छर्रा बाहेर पडताना मागून येणारी हवा त्याला शेवटचा धक्का देते. कड एका बाजूने खराब असेल तर तो धक्का तिरका बसतो.

नळीतल्या खाचा. मोकळी नळी मोडून उजेडाकडे धरा आणि मागून पाहा. पेचदार खाचा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. छर्रे संपले की सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या झाडायची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. पोलादी गोळी खाचा खरवडते आणि कठीण जागी लागली की उलटी परतते. अशी नळी घासून गुळगुळीत झालेली असेल तर व्यवहार सोडून द्या, बाकी बंदूक कितीही देखणी असो.

धूर आणि वास. प्रत्येक बाराला जळक्या तेलाचा वास किंवा निळसर धूर येत असेल तर कोणीतरी आत तेल ओतलंय. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. दोन-चार बार जोरात जातात, मालक खूश होतो, आणि तेवढ्यात आतला वॉशर व स्प्रिंग खराब होतात. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डिझेल यांपैकी काहीही हवेच्या छिद्रात टाकू नका. जुन्या चामडी वॉशरला अधूनमधून सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब लागतात. नव्या सिंथेटिक सीलला बहुधा काहीच लागत नाही.

छर्रा न भरता बार काढून पाहू नका. समोर छर्ऱ्याचा अडथळा नसला की पिस्टन (स्प्रिंगने पुढे जाऊन हवा दाबणारा दट्ट्या) थेट धातूवर आदळतो.

४. नळी साफ करा

आधीच्या मालकाने काय झाडलं ते माहीत नसतं, म्हणून सुरुवात कोऱ्या नळीने करायची. तंगूस दुहेरी करून नळीच्या पुढच्या तोंडातून आत सारा, मागे तिच्या फासात सुती तुकडा अडकवा आणि पुढून ओढून घ्या. तुकडा मागून पुढे जाईल, छर्रा जातो त्याच दिशेने. पहिले काळे निघतील. फिकट राखाडी निघाला की थांबा. लोखंडी गज, पितळी ब्रश, रॉकेल, पेट्रोल वापरू नका. गजाने पुढची कड खराब होते आणि रॉकेल सीलपर्यंत पोचलं की वर सांगितलेला धूर सुरू.

साफ नळीचे पहिले काही छर्रे इकडे-तिकडे जातात. खाचांवर शिशाचा पातळ थर बसेपर्यंत तसंच होणार. त्या बारांवरून काही ठरवू नका.

५. छर्रे निवडा

चाचणीसाठी वजन आणि आकार दोन्ही वेगवेगळे घ्या. उदाहरणार्थ:

- चपट्या डोक्याचा हलका: आरडब्ल्यूएस मायस्टरकुगेल्न ०.४५ ग्रॅम, किंवा गामो मॅच ०.४९ ग्रॅम
- चपट्या डोक्याचा थोडा जड: मायस्टरकुगेल्न ०.५३ ग्रॅम
- गोल डोक्याचा मध्यम: जेएसबी एक्झॅक्ट एक्सप्रेस ०.५१ ग्रॅम
- गोल डोक्याचा जड: जेएसबी एक्झॅक्ट ०.५४७ ग्रॅम
- शिवाय तालुक्याच्या दुकानात नेहमी मिळणारा देशी छर्रा

शेवटचा मुद्दामच घाला. रोजच्या सरावाला तोच परवडणार असतो. तो किती मागे पडतो हे कळलं की महागाचा डबा कशासाठी राखायचा ते ठरवता येतं. टोकदार छर्रे मी यादीत धरत नाही. टोक नेमकं मध्यावर असणं अवघड असतं आणि कागदाला टोकाची गरज नसते.

सगळे डबे विकत घ्यायची गरज नाही. जिल्ह्याच्या रायफल क्लबमध्ये किंवा सराव करणाऱ्या पोरांकडे वेगवेगळे डबे असतात, ५०-५० छर्रे मागून घ्या. फक्त प्लास्टिकच्या पिशवीत खुळखुळत आणू नका. छर्ऱ्याचा मागचा घेर पातळ शिशाचा असतो, तो चेपला की छर्रा वाकडा उडतो. लहान डबीत कापूस घालून आणा.

चाचणीआधी प्रत्येक छर्रा उजेडात पाहा. घेर वाकलेला, कडेला शिशाचा तुकडा चिकटलेला असेल तो बाजूला. मग भरून पाहा: अंगठ्याने थोडा जोर लावल्यावर छर्रा बसला पाहिजे. आपोआप आत घसरला तर तो या नळीला लहान आहे. दाबताना घेर वाकत असेल तर मोठा. काही कंपन्या ४.५० ते ४.५२ मिमीपर्यंत डोक्याचे वेगवेगळे माप डब्यावर छापतात, आणि एकाच नावाच्या छर्ऱ्यात या शतांश मिलिमीटरनेही फरक पडतो. वहीत नावाबरोबर माप आणि लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या मालाचा, डब्यावरचा) लिहा.

६. जागा आणि वेळ

नळीच्या तोंडापासून कागदापर्यंत टेपने मोजून १० मीटर. नवख्याला जास्त अंतर घ्यायचा मोह होतो, पण २५ मीटरवर वारा आणि तुमचा हात छर्ऱ्याच्या फरकाला झाकून टाकतात.

मागे आडोसा असा हवा की चुकलेला छर्राही त्यातच जाईल. वर झाडलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. मोकळ्या वावरात गवताच्या धुऱ्यावर भरवसा ठेवू नका, पलीकडे ढोरं चारणारा पोरगा दिसत नाही. लाकडी खोक्यात मागे जाड प्लायवूड आणि समोर घट्ट कोंबलेल्या जुन्या गोधड्या, असा सापळा करा आणि तो मातीच्या उंच बांधासमोर ठेवा. मुरमाचा, गिट्टीचा ढीग नको, त्यावरून छर्रा उसळतो. संध्याकाळी खोक्यातलं शिसं गोळा करून डब्यात टाका. विहिरीच्या काठावर किंवा भाजीच्या वाफ्यात सांडू देऊ नका.

वेळ सकाळची, सूर्य वर यायच्या आधीपासून साधारण आठपर्यंत. उन्हाळ्यात नऊनंतर विदर्भात वारं उठतं, जमिनीवरची हवा थरथरते आणि उन्हात ठेवलेल्या नळीला हात लावता येत नाही. आतलं ग्रीस गरमीत पातळ आणि थंडीत घट्ट होतं, त्यामुळे छर्ऱ्याचा वेगही बदलतो. डिसेंबरच्या आणि मेच्या चाचणीची तुलना करू नका. लांब, मोकळा गोठा किंवा गोदाम मिळालं तर उत्तमच.

७. पकड

इथे बहुतेक जण फसतात. साध्या रायफलीसारखी ही पिशवीवर दाबून धरायची नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी पिस्टन पुढे सुटतो आणि बंदूक मागे येते, मग पिस्टन थांबतो आणि बंदूक पुढे ढकलली जाते. छर्रा तेव्हाही नळीतच असतो. म्हणजे बंदूक कशी हलू दिली त्यावर छर्रा कुठे जाईल ते ठरतं.

टेबलावर पिशवी, पिशवीवर उघडा तळहात, तळहातावर दस्त्याचा पुढचा भाग. बोटांनी आवळू नका. खांद्याला दस्ता नुसता टेकलेला, गाल हलका. तळहात कुठे ठेवला तिथे दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि दर बाराला तिथेच ठेवा. दोन बोटं पुढे-मागे झालं तरी छर्ऱ्यांचा पुंजका, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, सरकतो. बार गेल्यावर छर्रा कुठे लागला ते बघायला लगेच डोकं उचलू नका, क्षणभर नेम तसाच धरा.

दुर्बीण असेल तर ती स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी बनलेली हवी. दोन्ही बाजूंच्या धक्क्याने साधी दुर्बीण आतून सुटते. शिवाय साध्या रायफलीच्या दुर्बिणी लांबच्या अंतराला जुळवलेल्या असतात, १० मीटरवर डोळा जरा हलला की खूणही हलते. अशी असेल तर उतरवून ठेवा आणि साध्या साइटवरच (बंदुकीवरच्या नेम धरायच्या खुणांवर) चाचणी करा.

८. चाचणी

सुरुवातीला कोणतेही १०-१५ छर्रे मोजणीबाहेर झाडा. यात हातही बसतो आणि बंदूकही.

छर्ऱ्यांना अ, ब, क, ड नावं द्या. दर वेळी छर्रा बदलला की पाच बार वेगळ्या कागदावर, मोजायचे नाहीत. नळीतला आधीच्या छर्ऱ्याचा थर बदलायला ते लागतात. मग पाच बार मोजणीच्या नव्या कागदावर. अ, ब, क, ड झाले की उलट क्रमाने ड, क, ब, अ. हात थकतो, वारा वाढतो, आणि तो तोटा नेहमी शेवटच्या छर्ऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा उलटा फेरा. एका सकाळी दोन फेरे, दुसऱ्या सकाळी दोन. म्हणजे प्रत्येक छर्ऱ्याचे पाच-पाच बारांचे चार कागद हाती येतात.

मधेच साइट हलवायची नाही. छर्रे काळ्या गोलाच्या खाली किंवा बाजूला लागले तरी चालेल. पुंजका किती लहान आहे एवढंच पाहायचंय, तो मधोमध आणणं नंतरचं काम. उलट नेमाची जागाच फाटून गेली तर पुढचे बार कशावर धरायचे हा प्रश्न येतो.

हात चुकला असं बार निघतानाच वाटलं तर लगेच वहीत "हात" असं लिहा. कागद पाहून झाल्यावर आठवलेली चूक धरायची नाही, नाहीतर प्रत्येक लांबचा छर्रा "हात" ठरतो.

९. मोजणी

सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून एका भोकाची रुंदी वजा करा. चपट्या डोक्याचा छर्रा कागद गोल कापतो, तिथे ४.५ मिमी वजा केलं की झालं. बाहेरून १७.५ मिमी आलं तर पुंजका १३ मिमीचा. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि भोक लहान दिसतं. तिथे त्याच कागदावरचं एकटं भोक मोजून तेवढंच वजा करा. मागे पुठ्ठा लावला की फाटणं कमी होतं.

आता चारही कागदांची सरासरी. समजा अ चे पुंजके १४, १७, १३, १६ मिमी आले आणि ब चे ९, २२, ११, २०. ब चा ९ मिमीचा कागद खिशात घालून गावभर दाखवावासा वाटेल. पण सरासरी अ ची १५ आणि ब ची १५.५, आणि अ दर वेळी सारखा वागतोय. अ घ्या. सरासरीत एक-दोन मिलिमीटरचाच फरक असेल तर तो फरक मानू नका, जो सहज मिळतो आणि स्वस्त आहे तो निवडा. तीन बारांच्या पुंजक्यावर तर काहीच ठरवू नका.

धड अवस्थेतल्या जुन्या बंदुकीकडून, टेकून, १० मीटरवर १५ मिमीच्या आसपास सरासरी आली तर बंदूक चांगली आहे. १० मिमीच्या आत आली तर विकू नका. सगळेच छर्रे ३० मिमीच्या वर जात असतील तर छर्ऱ्यात शोधू नका, तिसऱ्या पायरीकडे परत जा.

१०. कागद काय सांगतो

भोकं उभ्या रेषेत पसरली: वेग कमी-जास्त होतोय. मागचा वॉशर, आतला सील किंवा तळहाताची जागा पाहा.

आडवी पसरली: वारा, गालाचा दाब किंवा सांध्यातला खडखडाट.

दोन वेगळे पुंजके: नळी दोन जागी बंद होतेय किंवा दुर्बीण ढिली आहे.

पुंजका हळूहळू एकाच बाजूला सरकतोय: दुर्बिणीचा माउंट (तिला बंदुकीवर धरणारी पकड) धक्क्याने मागे जातोय. पेन्सिलने रेघ मारून ठेवा, लगेच कळेल.

चार एकत्र आणि एक लांब, तेही बहुतेक कागदांवर: छर्ऱ्यांची छाननी नीट झाली नाही.

भोक गोल नसून लांबट: छर्रा आडवा होऊन लागतोय. तो नळीला लहान आहे, किंवा पुढची कड वा खाचा गेल्या आहेत. एकाच प्रकारच्या छर्ऱ्याने होत असेल तर छर्रा सोडा, सगळ्यांनी होत असेल तर नळी.

क्लबमध्ये वेग मोजायचं क्रोनोग्राफ मिळालं तर ऊर्जाही काढून घ्या: छर्ऱ्याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर गेला तर ऊर्जा साधारण ७.४ ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. ०.५३ ग्रॅमचा छर्रा २७५ मीटरला पोचला की २० ज्यूलचा काटा येतो. जुन्या बंदुकीत कोणी जास्त ताकदीची स्प्रिंग बसवली असेल तर हे पाहणं गरजेचंच. आणि खोक्यावर छापलेला मोठा वेग बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो, शिशाच्या छर्ऱ्याने तेवढा येत नाही.

छर्रा ठरला की त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या, कारण लॉट बदलला की डोक्याचं माप किंचित बदलू शकतं. मग त्या एकाच छर्ऱ्यावर साइट जुळवा. पाच बार झाडा, पुंजक्याचा मध्य पाहा आणि मागची साइट त्या दिशेला सरकवा जिकडे छर्रे न्यायचे आहेत. प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाच. एकेका भोकावरून साइट फिरवत बसलात तर दिवस जाईल. रात्री बंदूक कॉक करून ठेवू नका, स्प्रिंग बसते. दस्त्याचे स्क्रू दर दोन-तीनशे बारांनी पुन्हा पाहा.